सात वाजताचे पाहुणे

मुलुंड पूर्वेला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्या बाई रोज संध्याकाळी सात वाजता रेशमी साडी नेसायच्या. कोणाचं लग्न नाही, हळदीकुंकू नाही, काही नाही. पुस्तक वाचायला बसायचं म्हणून. केस विंचरायच्या, कानात मोत्याच्या कुड्या घालायच्या आणि मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायच्या. एकदा कुरियरवाला दारात उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाला, मॅडम कहीं निकल रहे हो तो बाद में आऊँ क्या? बाई म्हणाल्या, मी कुठे नाही जात, माझ्याकडे पाहुणे आलेत. तो बिचारा आत डोकावून बघतोय, तर घरात मी सोडून कोणी नाही, आणि मी गाऊनवर मटार सोलत बसलेली.

पाहुणे म्हणजे कोण, तर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक आणि रोमन, आणि चार-पाचशे वर्षांपूर्वीचे इटलीतले, फ्रान्समधले काही लोक. बाई मराठी शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले, दोन बेडरूमचं घर, आणि त्या घरात रद्दीवाल्यांकडून वेचून आणलेली इंग्रजी पुस्तकं. पुस्तकांतल्या माणसांची नावं त्या कधी घ्यायच्या नाहीत. नाव घेतलं की माणूस परत कपाटात जाऊन बसतो आणि ऐकणारा घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कोणी रोमवाला, कोणी अथेन्सवाला, कोणी फ्लॉरेन्सवाला. फ्रान्समध्ये एक जण घराच्या मनोऱ्यात बसून स्वतःबद्दल लिहीत राहिला होता, तो फ्रान्सवाला. भाजीच्या गाडीवर उभ्या उभ्या त्या कोणालाही सांगायच्या, आमचा रोमवाला तर अशा वेळी चिडायचाच नाही. सोसायटीत निम्म्या लोकांची पक्की समजूत होती की बाईंचा भाऊ इटलीत असतो आणि त्याचा स्वभाव फार चांगला आहे.

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारायची सवय. जिन्यात भेटले की, "बाई, एवढं वाचता, पण उपयोग काय हो त्याचा?" बाई नुसत्या हसायच्या. पुढे बाईंची नजर गेली, वाचणंच हातातून गेलं, तेव्हा हाच प्रश्न माझ्याही डोक्यात येऊन बसला. उपयोग काय झाला? मला त्याचं उत्तर मिळालं. ते सांगायचंय म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं.

मी कुडाळची. मरोळला ऑफिसात नोकरी लागली आणि खोली शोधत शोधत बाईंच्या दारात आले. तोवर चार घरं बघितली होती. सगळीकडे तेच, मासे खातेस का, मित्र येणार का, किती वाजता परततेस. बाईंनी यातलं एक विचारलं नाही. त्यांनी विचारलं, नळाला पाणी आलं नाही तर तू काय करतेस? मी उन्हातून आलेली, डोकं तापलेलं. म्हटलं, शिव्या घालते. कोणाला? महापालिकेला. मग पाणी येतं का? म्हटलं, नाही येत, पण बरं वाटतं. बाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीच आत जाऊन माठातलं पाणी आणून दिलं आणि तशीच राहिले. आईला फोन केला तर तिची एकच काळजी, "बाई बरी आसा मां गो?" मी म्हटलं, बरी आहे, थोडी सटकलेली आहे.

थोडी कसली, बरीच. पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसातून तणतणत आले. मॅनेजरने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तांदळाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, बोलत बोलत निवड. मी बोलत गेले आणि त्या प्रत्येक गोष्टीला विचारत गेल्या, हे तुझ्या हातात आहे का? मॅनेजरचा स्वभाव? नाही. काढ बाजूला. बाकीचे काय म्हणतील? नाही. काढ. उद्या सकाळी सगळ्यांसमोर त्याला नीट शब्दांत विचारणं? आहे. मग ते ठेव. ताट संपेपर्यंत माझ्याकडे करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. दुसऱ्या दिवशी मी ती केली. हे कोणी शोधून काढलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ही युक्ती एका गुलामाची. पाय अधू होता त्याचा. तांदूळ मात्र माझे.

त्यांचा एक कडक नियम होता. पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवायचं नाही. मी पुढेपुढे नेटवर काहीतरी वाचून यायचे आणि भाव खात सांगायला लागायचे, बाई, तुमच्या रोमवाल्याने काय म्हटलंय माहितीये? की लगेच हात वर. "वाक्य सांगू नकोस. काय केलंस ते सांग." मी काही केलेलं नसायचं. मग गप्प बसावं लागायचं. वाक्यं काय, कोणीही मोबाईलवर टाकतं, सकाळी सकाळी फुलांच्या फोटोवर छापून, असं त्या म्हणायच्या. सेक्रेटरी रोज ते करायचेच.

रेशमी साडीही अशीच कोणाची तरी करून बघितलेली गोष्ट होती. फ्लॉरेन्सवाला मोठ्या हुद्द्यावर होता. राज्य बदललं, नोकरी गेली, तुरुंगात हाल झाले, शेवटी गावाकडच्या शेतावर जाऊन राहायची पाळी आली. दिवसभर चिखलात, गावकऱ्यांशी पत्ते खेळत, भांडत. पण संध्याकाळ झाली की दारातच मळके कपडे उतरवायचा, दरबारी पोशाख चढवायचा आणि जुन्या लोकांना भेटायला आपल्या पुस्तकांच्या खोलीत जायचा. बाई म्हणायच्या, बघ, नोकरी गेली तरी त्याने कपडे टाकून दिले नाहीत. मोठ्या माणसांकडे गाऊनवर जातात का?

आणि मग त्या तालमी. देवा रे देवा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बाई कशाचीतरी तालीम करायच्या. जे कधी ना कधी जाणार, ते आधी स्वतःच काढून ठेवून बघायचं. म्हणजे जाईल तेव्हा ओळखीचं वाटतं. हेही रोमवाल्यांचंच. एका रविवारी गॅस बंद, दिवसभर पोहे भिजवून खाल्ले. मे महिन्यात एकदा पंखा बंद, मी ओल्या पंच्याने स्वतःला वारा घालत त्यांच्या रोमवाल्यांचा उद्धार केला. एकदा बोलणं बंद. फोन वाजला की माझ्याकडे द्यायच्या आणि मी त्यांच्या भाच्याला सांगायचे, मावशी ठीक आहेत, फक्त आज त्यांची बोलती बंद आहे. तो वांद्र्याला राहायचा, मोठ्या ऑफिसात होता. मावशीला डॉक्टरला दाखवायचं का, असं त्याने मलाच हळू आवाजात विचारलं.

सगळ्यांत वाईट अपमानाची तालीम. पायात दोन वेगवेगळ्या चपला, साडी उलटी नेसलेली, आणि अशा थाटात बाजारात एक चक्कर. लोक हसले तर हसू द्यायचं. लोकांच्या हसण्याने आपलं नक्की काय कमी होतं ते तपासायचं. मलाही बरोबर ओढलं, एक पाय कोल्हापुरीत आणि एक बाथरूमच्या स्लिपरमध्ये. स्टेशन रोडवर नेमका ऑफिसातला एक जण भेटला. माझी पार वाट लागली. तो पायांकडे बघतोय, मी आभाळाकडे. घरी आल्यावर बाईंनी विचारलं, काय कमी झालं? मी म्हटलं, सगळं. पण सोमवारी ऑफिसात गेले तर तो विसरूनही गेला होता, आणि त्यानंतर मीटिंगमध्ये उभं राहून बोलताना माझे पाय कधी लटपटले नाहीत.

म्हणून काय बाईंचं सगळंच मला पटायचं असं नाही. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा त्यांनी सवयीने तांदळाचं ताट पुढे आणलं, आणि मी ओरडले. म्हटलं, निवडायला लावू नका मला, रडू दे. बाई ताट उचलून आत गेल्या. मला वाटलं, दुखावल्या. तर चहा घेऊन आल्या, शेजारी बसल्या आणि काहीही न बोलता बसूनच राहिल्या. सात वाजून गेले, त्या दिवशी पाहुण्यांना ताटकळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, रोमवाल्यांना रडणं फारसं जमत नाही. फ्रान्सवाल्याला जमतं. त्याचा जिवलग मित्र तरुणपणी गेला आणि त्याला जन्मभर त्याचं समाधान सापडलं नाही. उगाच सापडलं असं दाखवलंही नाही त्याने.

डोळ्यांची तालीम कधी सुरू झाली ते मला नीट आठवत नाही. एका रविवारी बाई डोळ्यांवर माझी ओढणी बांधून स्वयंपाकघरात चाचपडत होत्या. डब्यांना रबरबँड लावलेले. एक रबरबँड म्हणजे मीठ, दोन म्हणजे साखर, तीन म्हणजे चहा पावडर. मी काय, मजा बघत बसले. वाटेत मुद्दाम स्टूल ठेवलं, त्यांनी हाताने चाचपून बरोबर बाजूला केलं, मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग त्याच्या पुढच्याही. मी म्हटलं, बाई, हा खेळ फारच आवडलेला दिसतोय. त्या म्हणाल्या, हो, चालू आहे हळूहळू.

मग ती सकाळ. मी ऑफिसला निघाले होते, चप्पल घालत होते. बाई भाजी आणायला बाहेर पडत होत्या. पायात एक काळी, एक तपकिरी चप्पल. साडी उलटी, काठाचे धागे बाहेर. मला हसू फुटलं. म्हटलं, "अरे वा, अपमानाची तालीम वाटतं आज?"

बाई "हो," म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या.

बसमध्ये बसले, बस पवईपर्यंत आली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आज बुधवार होता. बाईंनी दुसऱ्या रविवारचा नियम कधी मोडला नव्हता, माझ्याशी खोटं कधी बोलल्या नव्हत्या, आणि आज एका शब्दात दोन्ही केलं होतं. मी उतरले, उलटी बस पकडली. घरी पोचले तर बाई पलंगावर बसलेल्या, गुडघा खरचटलेला, आणि सेक्रेटरींची बायको हळद लावत होती. भाजीवाल्याच्या गाडीपुढचा दगड बाईंना दिसला नव्हता.

घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी आणि भाचा घेऊन गेलो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता, दोन्हीकडे, आणि आता फार काही करण्यासारखं नव्हतं. बाईंना बरेच दिवस कळत होतं. कडेकडेचं दिसायचं, जिथे बघावं तिथलं दिसायचं नाही. माणूस दारात उभा आहे हे कळायचं, चेहरा कळायचा नाही. पुस्तक हातात आहे हे कळायचं, अक्षर नाही. भाच्याने मोबाईलवर पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी घालून दिलं. बाईंनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, हा बाबा स्टेशनवर गाड्या सांगतो तसा वाचतोय.

आता माझी खात्री होती की या बाई हे सहज निभावणार. अहो, इतकी वर्षं दुसरं केलं काय त्यांनी? रबरबँड होते, पावलं सवयीची होती, आणि खरंच, चहा त्या पूर्वीसारखाच करायच्या. पण सात वाजता साड्यांचं कपाट उघडलं नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, दमल्या असतील. दुसऱ्या दिवशीही नाही. मग आठवडा गेला, महिना होत आला. संध्याकाळी बाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, सकाळच्याच गाऊनमध्ये. तांदूळ कोणी निवडेना. मी एकदा ताट पुढे नेलं, म्हटलं, बाई, यातलं आपल्या हातात काय आहे? त्या म्हणाल्या, ने ते. एवढंच.

सेक्रेटरी बघायला आले. त्यांना काळजी होती म्हणून आले, हे मलाही कळत होतं. पण जाताना दारात मला म्हणाले, "बघ ना, एवढं वाचून शेवटी काय उपयोग झाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दार लावलं आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिले, कारण राग त्यांचा नव्हताच. मला भीती वाटत होती की त्यांचं खरं आहे. बाईंनी मला जे जे शिकवलं ते त्यांच्याच कामाला येत नसेल, तर माझ्या कामाला काय डोंबल येणार होतं?

घड्याळात सात वाजायला आले होते. मी माझ्या खोलीत गेले. माझ्याकडे चांगली म्हणावी अशी एकच साडी, मावसबहिणीच्या लग्नात घेतलेली मोरपिशी. ती नेसले. नेसता येत नाही मला धड, निऱ्या एका बाजूला गेल्या. केस विंचरले, टिकली लावली आणि जाऊन बाईंच्या वेताच्या खुर्चीत बसले. टेबलावर फ्रान्सवाल्याचं पुस्तक होतं, खूण घातलेली. तिथून मोठ्याने वाचायला लागले. माझं इंग्रजी कुडाळचं, ऑफिसच्या ईमेलपुरतं. त्या माणसाची वाक्यं इकडून निघायची ती कुठे थांबायचं नावच घेईनात. मी अडखळले, तेच परत वाचलं, पुन्हा अडखळले. घाम फुटला. अर्थ तर एक कण कळत नव्हता. पण वाचत राहिले.

आतून पलंग वाजला. मग पावलं. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, गाऊनवर, केस पिंजारलेले.

"काय नेसलीयेस?" त्यांनी विचारलं. मधलं दिसत नसलं तरी रेशीम वाजतं, ते त्यांना ऐकू आलं होतं.

"मोरपिशी साडी," मी म्हटलं. "पाहुणे आलेत ना."

बाईंनी हाताने केस मागे सारले. मग म्हणाल्या, "थांब," आणि आत गेल्या. मला वाटलं, चिडल्या. त्यांच्या खुर्चीत बसले, त्यांच्या पाहुण्यांची अशी चिरफाड केली, चिडणारच. आतून कपाटाचा आवाज आला. बराच वेळ गेला. बाई बाहेर आल्या त्या जांभळी नारायणपेठी नेसून, काठ सुलटा, कानात कुड्या. हाताने चाचपून त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"आता वाच," म्हणाल्या. "त्याची वाक्यं लांब असतात. घाई करू नकोस, तोही कधी करत नाही."

त्यानंतर सात वाजता मी वाचायचे आणि बाई ऐकायच्या. मधे थांबवून मराठीत समजावून सांगायच्या, आणि मग मला कळायला लागलं की या सगळ्या लोकांना आमच्यासारखेच त्रास होते. मॅनेजर होते, पोटदुखी होती, न परतणारे मित्र होते. बदलीची, दुसऱ्या नोकरीची अशी माझी कितीतरी कारणं झाली, पण मी मुलुंड सोडलं नाही. बाईंना मी वाचायला मदत केली असं लोक म्हणायचे. खरं उलटं आहे. मला त्यांनी जे घर दिलं, ते मी भाडं भरत होते त्याच्या कितीतरी पलीकडचं होतं. आता त्या नाहीत. बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. पुस्तकं भाच्याने मला दिली, साड्यांतली जांभळीही दिली. सात वाजले की मी अजून गाऊनवर राहत नाही.

उत्तराचं राहिलं. एका संध्याकाळी वाचून झाल्यावर मी बाईंना सरळच विचारलं. म्हटलं, बाई, खरं सांगा, एवढ्या तालमी केल्यात, नजर जाण्याची तर कितीदा, त्यांचा उपयोग झाला का?

बाई म्हणाल्या, "डब्यांच्या रबरबँडचा झाला. बाकीचा नाही."

मला धक्काच बसला. का, म्हणून विचारलं.

"सगळ्या तालमी चुकीच्या केल्या मी. प्रत्येक वेळी मनात धरलं की त्या वेळी मी एकटी असणार. गॅस गेला, मी एकटी. वाचा गेली, मी एकटी. नजर गेली, एकटी. तू समोरच स्टूल घेऊन हसत बसलेली असायचीस, तरी तुला हिशेबात धरलं नाही." त्यांनी हात पुढे केला, माझा हात कुठे आहे ते चाचपलं आणि धरला. "फ्रान्सवाला त्या मित्राबद्दल लिहिताना हेच तर सांगत होता. मी वाचलं नुसतं."

माझे डोळे भरून आले. बाईंना मधलं दिसत नव्हतं म्हणून बरं. आवाज साधा ठेवून मी त्यांचाच नियम त्यांच्यावर चालवला. म्हटलं, "वाक्य सांगू नका, बाई. काय केलंत ते सांगा."

बाई हसल्या. पहिल्या दिवशी हसल्या होत्या तशा, ठसका लागेपर्यंत.

"काय केलं? खोली भाड्याने दिली," म्हणाल्या. आणि माझा हात न सोडता पदर सारखा केला. "चल, वाच पुढे."